पदर सोडण्याचा प्रवेश

पोह्यांच्या डब्याचं झाकण सावित्रीबाईंनी तळहाताने ठोकून बसवलं, तेव्हा कुठे घरातली शांतता मोडली. फोन ठेवून पाच मिनिटं होऊन गेली होती आणि तेवढ्या वेळात कुणी कुणाकडे पाहिलं नव्हतं.

"तीनला येणार म्हणजे आत्ता पोहे भिजवून उपयोग नाय," त्या म्हणाल्या.

फोन नामपूरच्या पाहुण्यांचा होता. अकराला सावित्रीबाईंच्या लेकीला, रोशनीला, बघायला येणार होते, पण सटाण्याच्या अलीकडे जीपचा पाटा तुटला. दुरुस्त करून निघतो, तीनपर्यंत पोचतो, असा निरोप.

तीन. मीनाने आठ दिवस मनाशी बसवलेली घडी त्या एका फोनने विस्कटली. अकराला पाहुणे, एकला जेवणं, आणि तीनला आपल्या लेकीला, सायलीला, घेऊन बाहेर पडायचं, अशी ती घडी होती. साडेतीनला कालिदास नाट्यगृहात पोचायचं, साडेचारला तिसरी घंटा.

"आता ते नाटकाचं राहू दे," सावित्रीबाई म्हणाल्या. वरणातली मिरची बाजूला काढावी इतक्या सहज.

मीना कोथिंबीर चिरत होती. तिने विळी आडवी केली. "राहू कसं देऊ, आई? शब्द दिलाय मी."

"कुणाला? तोंडाला रंग थापणाऱ्यांना?"

बाहेरच्या खोलीत मीनाच्या सासऱ्यांनी, देवरामांनी, वर्तमानपत्राचं पान उलटलं. नोटांच्या प्रेसमध्ये पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला कामावर तोंड बंद ठेवायची सवय होती. घरातल्या भांडणांतही त्यांनी ती मोडली नव्हती. किशोर मात्र दारात येऊन उभा राहिला. आईच्या बाजूने बोलायचं असलं की तो उंबऱ्यावर उभा राहून बोलायचा, आत यायचा नाही. लग्नाच्या आठ वर्षांत मीनाला तेवढं कळलं होतं.

"मीना, लताबाईंना एक फोन करून टाक ना. नाशकात काय पोरांचा तोटा आहे? मिळेल त्यांना दुसरं कुणी."

"मिळेल."

"मग?"

"त्या मुलाला आधी कुणी काही सांगणार नाही."

"काय सांगणार नाही?"

मीनाने विळी पुन्हा उभी केली आणि उरलेली कोथिंबीर इतकी बारीक चिरली की सावित्रीबाई म्हणाल्या, "चटणी करायची का तिची?"

'संगीत रत्नवेल' वीस वर्षांनी नाशकात येत होतं. तिसऱ्या अंकात वनात जाणारी राणी आपल्या लहान राजपुत्राला सारथ्याच्या हाती देते. राजपुत्राला बोलायला एक शब्द नाही. काम दहा मिनिटांचं. त्या दहा मिनिटांसाठी एक मूल आणि त्याचे आईबाप गावोगाव बसमधून फिरवणं कंपनीला परवडायचं नाही, म्हणून कंपनी चालवणाऱ्या आणि स्वतः राणी होणाऱ्या लताबाईंनी सुरुवातीपासून एक पद्धत पाडली होती. ज्या गावात प्रयोग, त्या गावातलंच मूल घ्यायचं. सांगलीत त्यांच्या ओळखीच्या मास्तरणीचा मुलगा, जळगावात एका वकिलाची नात. अठ्ठ्याहत्तर साली नाशकात ते मूल म्हणजे मीना होती. तिचे वडील प्रयोगाच्या दिवशी तिकिटांच्या टेबलावर बसायचे, एवढीच काय ती ओळख. पुढे त्यांच्यासोबत तिने हे नाटक आणखी तीनदा पाहिलं, मागच्या रांगेत बसून. मग कंपनी थंडावली, वडील गेले, लग्न झालं. आणि गेल्या पंधरवड्यात लताबाईंचं कार्ड आलं. 'पुन्हा उभं करतोय. मी अजून गाते, हसू नकोस. तुझ्या घरात सहा-सात वर्षांचं कुणी आहे का?'

ते कार्ड मीनाने पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं. भाकरी थापताना ते दिसायचं.

*

जेवणं उरकल्यावर ती सायलीला घेऊन गच्चीवर गेली. वाळत घातलेल्या चादरींच्या आड तालीम चालायची, रोज कपडे काढायच्या निमित्ताने. मीनाने पदर खांद्यावरून पुढे घेतला. सायलीने दोन्ही मुठींत तो धरला.

"आता मी गाते. 'सोड पदर राजसा, सांज झाली वनी...' 'वनी' म्हटलं की?"

"सोडायचा."

"मग मी जाते. मग लोक टाळ्या वाजवतील. आणि कदाचित ओरडतील, वन्समोअर! मग?"

"मग तू परत येणार."

"मी नाही, राणी."

"राणी परत येणार. मी परत पदर धरणार. ती परत तेच गाणार." सायली पाढा म्हणावा तसं म्हणत होती. "आणि परत 'वनी'ला सोडायचा."

"दोन्ही वेळा."

"दोन्ही वेळा. आई, मला तहान लागली."

जिन्याच्या तोंडाशी रोशनी उभी होती. अंगावर मोरपंखी साडी, केसांत अर्धवट माळलेला गजरा.

"वहिनी, तुला आजचाच दिवस सापडला?"

"दिवस मी नाही काढला गं."

"आई खाली रडकुंडीला आलीये. ही तिसरी वेळ आहे माझी. पहिले म्हणाले, मुलगी सावळी. दुसरे म्हणाले, उंची कमी. आता हे म्हणतील, घरात नाटकवाले." रोशनीचा आवाज चढला. "दहा मिनिटांच्या कामासाठी? त्यात बोलायला एक वाक्य नाही!"

सायली पाण्याच्या टाकीकडे गेली. मीनाने ती नळाशी वाकेपर्यंत वाट पाहिली.

"रोशनी, मला तेव्हा सांगितलं होतं, गाणं संपलं की पदर सोड आणि सारथ्याबरोबर आत ये. तेवढंच. मी सोडला. लताबाई गेल्या. आणि माणसं उठून ओरडायला लागली, वन्समोअर, वन्समोअर. वन्समोअर म्हणजे काय, मला ठाऊक नव्हतं. मोठ्यांना वाटलं असणार, त्यात काय सांगायचंय. सारथ्याने मला परत मधोमध उभं केलं. आणि बघते तर राणी परत आलेली."

रोशनी दोन पावलं पुढे आली.

"मला वाटलं, ठरवलं तिने. नाही जात. एवढे लोक म्हणतायत म्हटल्यावर कशी जाईल?" मीना चादरीचा चिमटा काढत, लावत राहिली. "मग परत तेच गाणं, परत 'वनी' आलं. मी सोडलाच नाही. लताबाई गाता गाता हळूच माझी बोटं उकलायला लागल्या. मी पदर दातांत धरला. पेटीवाल्याने ती एकच ओळ किती वेळा घोळवली कोण जाणे. लोक हसायला लागले. शेवटी पडदा पाडला."

"अगं बाई."

"वडील रागावले नाहीत. सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आले, मला मागे बसवून. आई जाऊन तेव्हा वर्ष झालं नव्हतं माझी." तिने चिमटा लावला. "त्यांना कळलं असणार."

खाली कुणीतरी रिक्षा वळवत होतं. सायली ओंजळभर पाणी घेऊन आली आणि निम्मं रोशनीच्या साडीवर सांडून तिने विचारलं, "आत्या, तू नवरी झालीस?"

"अजून नाही गं," रोशनी म्हणाली. मग मीनाकडे न बघता, "गजरा नीट लाव माझा. आणि किती वाजता निघायचंय तुम्हाला?"

"साडेतीनच्या पुढे एक मिनिट नाही."

"म्हणजे माझा प्रयोग तीनला, तिचा साडेचारला. जमेल."

*

पाहुणे आले तीन वाजून वीस मिनिटांनी. मुलाचे वडील वाल्मीकराव, त्यांची बहीण भागीबाई, आणि मुलगा संतोष, जो आल्यापासून स्वतःच्या बुटांकडे बघत होता. वाल्मीकरावांच्या धोतराला ग्रीसचा डाग होता. जीपखाली ते स्वतःच शिरले असावेत.

मीनाने पोहे दिले. पाणी दिलं. रोशनी ट्रे घेऊन आली, सगळ्यांच्या पाया पडली, बसली. भागीबाईंनी तिला स्वयंपाकाचं, शिवणाचं, देवाधर्माचं विचारलं. मीना चहा गाळता गाळता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. तीन पस्तीस. चहाचे कप तिने सावित्रीबाईंच्या हाती दिले, हात पुसले, आणि मोरीशेजारच्या चपलांच्या फळीपाशी गेली.

सायलीचे सँडल नव्हते.

फळीवर नव्हते, खाटेखाली नव्हते, दाराबाहेर नव्हते. मीनाने स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं. सावित्रीबाई कपांवर बशा ठेवत होत्या, फार मन लावून.

बारशापासून शाळेपर्यंत या घरात मीनाने पुष्कळ गोष्टी सोडून दिल्या होत्या. माहेरची बाजाची पेटी कपाटावर चढवून तिच्यावर चादर टाकली, तेव्हाही ती बोलली नव्हती. भांडण झालं असतं तर कदाचित तिने आजही माघार घेतली असती. पण साठीची बाई एवढ्याशा पोरीच्या चपला लपवते, हे बघून तिला हसू आलं, आणि त्या हसण्याने उरलीसुरली भीती गेली.

"चल," ती सायलीला म्हणाली. "राजपुत्र वनात अनवाणीच असतो."

बाहेर पडायचं तर पाहुण्यांच्या समोरूनच जायला हवं होतं. दोघी निम्म्या खोलीत पोचल्या असतील.

"ह्या पोरीला घेऊन कुठं निघालीस गं?" भागीबाईंनी विचारलं.

"डॉक्टरकडं!" सावित्रीबाई आतून ओरडल्याच. "कणकण हाय तिला रात्रीपासून."

वाट मोकळी झाली होती. मान हलवून निघून जायचं, बस. किशोर तिच्याकडे डोळ्यांनी तेच म्हणत होता. पण सायली खालून वर बघत होती, तोंड किंचित उघडं ठेवून. आठ दिवस मीनाने तिला सगळं खरं खरं सांगितलं होतं, पुढे काय होणार आणि त्याच्याही पुढे काय होणार.

"डॉक्टरकडे नाही, मावशी," मीना म्हणाली. "नाटकाला. ही काम करतेय आज. उशीर झालाय, म्हणून निघते. राग मानू नका."

सावित्रीबाई लगबगीने चहाचे कप घेऊन बाहेर आल्या आणि वाटू लागल्या.

"कोनतं नाटक?" वाल्मीकरावांनी विचारलं.

"संगीत रत्नवेल."

"ते आजून चालू शे?" वाल्मीकराव खुर्चीत पुढे सरकले आणि घरच्या अहिराणीवर आले. "सटाण्याले तंबूमा देखेल व्हतं मी. बैलगाडीवर गयथूत आम्ही. ती रानी पोऱ्याले सोडीसन जास... माले बी परत देखनं शे ते."

"दादा," भागीबाई म्हणाल्या, "आपन पोर देखाले येल शेत. नाटक नही." मग सावित्रीबाईंकडे वळून, फार गोड आवाजात, "तुमनी पोर बी नाटक करस का?"

सावित्रीबाईंनी तोंड उघडलं, पण त्याआधी रोशनी बोलली. मान खाली, हात मांडीवर, आठवणीने पदर दोन्ही खांद्यांवर.

"आत्ता करतेच आहे की."

संतोषने पहिल्यांदा बुटांवरून नजर उचलली. देवरामांना ठसका लागला. तो चहाचा होता की हसण्याचा, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. भागीबाईंनी कप बशीत ठेवला.

"बरं. आम्ही कळवतो."

'कळवतो' म्हणजे काय, ते त्या घराला आता पाठ होतं. सावित्रीबाई भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. मीनाला त्यांच्याकडे बघवेना. रोशनी शांतपणे उठली, भागीबाईंच्या पुन्हा पाया पडली आणि म्हणाली, "वहिनी, थांब. मी येते."

जिन्यात मीना म्हणाली, "रोशनी, माझ्यामुळं—"

"हो, तुझ्यामुळं. थोडं माझ्या तोंडामुळं." रोशनी साडीच्या निऱ्या मुठीत धरून उतरत होती. "आत्ता नको बोलूस. घरी आलं की मी रडेन, तेव्हा बोल."

पाठोपाठ किशोर आला. उंबरा ओलांडून, दोन-दोन पायऱ्या उतरत. "आईचं मी बघतो. पाहुण्यांना पोचवून येतो तिकडे. जागा धरून ठेव." आणि सायलीच्या डोक्यावर टपली मारून तो वर पळाला.

रिक्षा सुरू झाली, तेवढ्यात वरून हाक आली. सावित्रीबाई गॅलरीत उभ्या होत्या. त्यांनी एक सँडल खाली टाकला, मग दुसरा. दुसरा रिक्षाच्या टपावर आपटून रस्त्यात पडला.

"अनवाणी नेऊ नको पोरीला! लोक म्हणतील, घरात चपला नायत!"

आणि उत्तराची वाट न बघता त्या आत गेल्या.

*

द्वारकेच्या चौकात नेहमीसारखं सगळं अडलं होतं. ट्रक, एस.टी., कांद्याची पिकअप, आणि मध्ये हात हलवणारा एकटा हवालदार. मीना रिक्षातून अर्धी बाहेर वाकून रिक्षावाल्याला गल्ल्या सांगत होती. "डावीकडून घ्या दादा, सारडा सर्कलला निघू." रिक्षावाला म्हणाला, "ताई, तुम्हीच चालवता का?" आणि तरीही त्याने डावीकडे घेतलं.

रंगपटात लताबाई आरशापुढे बसल्या होत्या. खांद्यांनी जरा रुंदावलेल्या, केसांची मुळं पांढरी; अजून मुकुट चढायचा होता. आरशातूनच त्यांनी मीनाला पाहिलं, मग सायलीला.

"दात कसे आहेत हिचे?" त्यांनी विचारलं.

"पुढचे दोन पडलेत," मीना म्हणाली.

"मग माझा पदर वाचला." त्या वळल्या आणि मीनाचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. "तू इथे विंगेत थांबायचं नाहीस. समोर बस. मूल आईकडे बघत राहतं."

मीना समोर बसली. तिसऱ्या रांगेत, शेजारी मोरपंखी साडीतली रोशनी, आणि एका रिकाम्या खुर्चीवर पर्स. ऑर्गनचा पहिला सूर लागला तेव्हा तिला वाटलं होतं तसं काही झालं नाही; डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. ती नुसती सावध बसली, शिकाऱ्यासारखी. पहिला अंक गेला, दुसरा गेला. तिला प्रत्येक पद येत होतं, प्रत्येक वाक्यानंतर कुणी कुठे वळणार तेही. लताबाईंचा आवाज पूर्वीपेक्षा खाली उतरला होता. वर जायच्या जागा त्या आता वळसा घालून गाठत होत्या. तो वळसा मीनाला आधीच्या चढण्यापेक्षा आवडला, आणि याचं तिला नवल वाटलं.

तिसरा अंक. वन. रंगवलेल्या झाडामागून राणी आली, आणि तिच्या पदराला धरून भगव्या वस्त्रातला, काजळ घातलेला, अनवाणी राजपुत्र.

"अगं, केवढीशी दिसतेय," रोशनी कुजबुजली.

'सोड पदर राजसा, सांज झाली वनी.'

सायलीच्या मुठी उघडल्या. राणी गेली. सारथ्याने राजपुत्राचा हात धरला. टाळ्या पडल्या, आणि मागून, अगदी दाराशी, एक मोठा पुरुषी आवाज आला.

"वन्समोअर!"

मीनाने वळून पाहिलं. किशोर. घामाघूम, खुर्ची शोधायचंही विसरलेला. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. आपली मुलगी तिथे उभी आहे आणि ती पुन्हा दिसावी, एवढंच त्याला हवं होतं. त्याच्यामागोमाग अख्खं सभागृह ओरडायला लागलं. वन्समोअर. वन्समोअर.

राणी परत आली.

मीनाने रोशनीचं मनगट धरलं होतं. किती घट्ट, ते नंतर बांगड्यांच्या वळांवरून कळलं. सायलीने पुन्हा पदर धरला, दोन्ही मुठींत. तिने वर लताबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. पहिल्या वेळी तिने तसं पाहिलं नव्हतं. ऑर्गनवाला ओळीच्या टोकाशी आला.

'...सांज झाली वनी.'

क्षणभर काही झालं नाही. मग एक मूठ उघडली. मग दुसरी.

लताबाई विंगेत गेल्या. सायली सारथ्याबरोबर दुसऱ्या बाजूने आत गेली, एकदाही न वळता, ठरल्याप्रमाणे. टाळ्या वाजतच राहिल्या. रोशनी गजरा सुटेपर्यंत टाळ्या वाजवत होती. मीना मात्र उठली, रांगेतल्या गुडघ्यांना ओलांडत बाजूच्या दाराने आत गेली.

सायली रंगपटातल्या ट्रंकेवर बसली होती. कुणीतरी तिला बिस्किटाचा पुडा दिला होता. तो तिने फोडला नव्हता. बाहेर पुढचा प्रवेश सुरू झाला होता, सूर भिंतीतून येत होते. मीनाने तिला मांडीवर घेतलं. काजळाचा ठिपका तिच्या ब्लाउजला लागला.

"केलंस गं. दोन्ही वेळा."

सायलीने मान हलवली. थोडा वेळ ती पुड्याचा कागद नखाने टोकरत राहिली.

"आई, सगळ्या लोकांनी तिला परत बोलावलं ना?"

"हो."

"बाबा पण ओरडले. मी ओळखला आवाज."

"हो गं."

"आणि ती आली." सायलीने रंगवलेला चेहरा वर केला. "मग तिला कुणीच 'थांब' का नाही म्हणालं?"